वारुळावरची अळंबी आणि तिच्या वेषातल्या विषारी अळंब्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरगाचा पाऊस मुरला, मध्ये दोन-तीन दिवस ऊन पडलं आणि परत सर आली, की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. एक पांढरी छत्री, फोटो वरून काढलेला, कडेला कुणाचा तरी अंगठा. खाली एकच ओळ: "ही खायची का?" वरून काढलेल्या फोटोला माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. मी शास्त्रज्ञ नाही. सिंधुदुर्गाच्या घाटपायथ्याच्या गावात आजीच्या मागून रान फिरत अळंबी शिकलो आणि पुढे शास्त्र काय म्हणतं ते हौसेने वाचत गेलो. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

ही नेमकी कोणती अळंबी?

श्रावणाच्या आगेमागे वारुळाच्या अंगाखांद्यावर येते ती. गोव्यात आणि आमच्याकडे तिला अळमी म्हणतात, विदर्भाच्या जंगलपट्ट्यात सात्या किंवा टेकोडे. शास्त्रीय भाषेत टर्मिटोमायसिस. हे एका अळंबीचं नाव नाही, कुळाचं आहे. कुळात लहानमोठ्या बऱ्याच जाती आहेत. झांबियातल्या एका जातीची छत्री जवळजवळ मीटरभर रुंद होते.

या कुळाचं वाळवीशी लग्न लागलेलं आहे. वाळवी लाकूड-पाचोळा चघळून आणते आणि वारुळाच्या पोटात त्याचं स्पंजासारखं सच्छिद्र पोळं रचते. त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते, वाळवीला न पचणारं लाकूड मऊ करून देते आणि वाळवी ते खाते. पाऊस पुरेसा झाला की त्याच पोळ्यातून अळंबीचा कोंब निघतो आणि माती भेदत वर येतो. आपल्याला दिसते ती नुसती छत्री, बाकी सगळा संसार जमिनीखाली. तिची ओळखही तिथेच दडलेली असते.

ती ओळखायची कशी?

चार-पाच गोष्टी एकत्र जुळायला हव्यात. एक जरी बसत नसेल तरी सोडून द्यायची.

पहिलं म्हणजे मूळ. पोळ्यापासून जमिनीपर्यंतचा प्रवास देठाला करावा लागतो, म्हणून देठ जमिनीत निमुळता होत खोल जातो. कधी वीतभर, कधी हातभर, कधी त्याहून खोल. खऱ्या अर्थाने ते मूळ नाही, पण दिसतं मुळासारखंच. बोटांनी माती सारत गेलात तर ते खाली खाली जातच राहतं आणि शेवटी कटकन तुटतं.

दुसरं, छत्रीच्या मधोमध टोक. माती फोडून यायचं असल्यामुळे माथ्यावर टणक, बहुधा गडद रंगाचा उंचवटा असतो. काही जातींत तो थेट खिळ्यासारखा टोकदार असतो. छत्री पूर्ण उघडली तरी ही बोंडी जात नाही.

तिसरं, देठाच्या बुडाशी पिशवी नाही, वाटी नाही, कांद्यासारखा फुगवटाही नाही. सरळ निमुळतं होत जाणं.

चौथं, छत्रीखालच्या पातळ पात्या, म्हणजे कल्ले. ते दाट असतात, देठाला चिकटलेले नसतात, सुरुवातीला पांढरे आणि वय झालं की किंचित गुलाबी. त्यांच्यातून झडणाऱ्या बीजाणूंची भुकटीही गुलाबीसर असते.

देठावर कडं असतं का, यावर गावात भांडणं होतात. काही जातींना असतं, काहींना नसतं. दक्षिण भारतात आढळणाऱ्या टर्मिटोमायसिस हाइमीला चांगलं जाड कडं असतं. तेव्हा नुसत्या कड्यावरून निकाल लावू नका.

सगळं मूळ खणून काढलंच पाहिजे का? वरून खुडली तर?

खुडली की पुरावा मातीत राहिला. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कॉलेजात असताना एकदा पायवाटेच्या कडेने पंधरा-वीस पांढऱ्याशुभ्र छत्र्या कोयत्याने सपासप कापल्या आणि पिशवी मिरवत घरी आलो. आजीने एक उचलली, उलटी केली, कापलेल्या देठाकडे बघितलं आणि विचारलं, "मूळ खंय असा?" मूळ नव्हतं. तिने सगळी पिशवी माडाच्या आळ्याकडेला खड्डा काढून पुरली, हात राखेने घासून धुतले आणि काही न बोलता चुलीपाशी गेली. त्या छत्र्या चांगल्या होत्या की वाईट, ते मला आजतागायत माहीत नाही. नेमका हाच मुद्दा आहे.

यात एक पेच आहे, तोही सांगतो. वारूळ उकरलं की पुढची अळंबी कमी होते, म्हणून जाणती माणसं वारुळाला पिकास लावू देत नाहीत. आमच्याकडे आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, त्यामुळे कितीतरी वारुळं आपोआप वाचतात. मग करायचं काय? थव्यातली कडेची एकच अळंबी निवडा, काठीने आणि बोटांनी माती सैल करा, निदान वीतभर खाली जाऊन देठाचा आकार बघा आणि माती परत लोटा. त्यानंतर उरलेल्यांपैकी प्रत्येक अळंबी हलकेच ओढून, बुडासकट काढा. घरी आणलेल्या प्रत्येक देठाचं बूड दिसलं पाहिजे. एका थव्यात दुसऱ्या जातीची पाहुणी उभी असू शकते.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी अळंब्या कोणत्या?

सगळ्यात जास्त फसवणारी म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. शाळेचं मैदान, बंगल्याची हिरवळ, देवळामागचं गवत अशा माणसाच्या वस्तीतल्या जागी पावसात हिचे मोठमोठे थवे येतात, कधी गोल रिंगण करून. पांढरी, ताटलीएवढी छत्री, मधे तपकिरी खपल्या, देठावर वरखाली सरकणारं कडं. दिसायला इतकी भरदार, की टाकून द्यायचा जीव होत नाही. खरी गोम कल्ल्यांत आहे. कोवळेपणी ते पांढरे असतात आणि मग हळूहळू राखाडी-हिरवे होतात. कोवळी तोडली तर रंगावरून काहीच कळत नाही. बीजाणूंची भुकटी मात्र हिरवट पडते. जमिनीत लांब मूळ नसतं, बूड जरासं फुगीर असतं आणि संपतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब असे सुरू होतात, की माणूस आडवा पडतो. निरोगी माणूस सहसा जगतो, पण लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना अंगातलं पाणी कमी होऊन धोका असतो.

दुसरी अमानिटा. ही हसत हसत मारणारी. या कुळात खाण्याजोग्या जातीही आहेत, पण जगात अळंबीने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक याच कुळातल्या काही जातींच्या नावावर आहेत. पांढरे कल्ले, देठावर परकरासारखं लोंबतं कडं आणि बुडाशी पिशवी किंवा वाटी. ती पिशवी पाचोळ्यात नाहीतर मातीत पुरलेली असते, वरून खुडणाऱ्याला कधीच दिसत नाही. छत्रीवर पिशवीचे तुकडे चिकटलेले असतात, पण जोराच्या पावसात तेही धुऊन जातात. बीजाणूंचा ठसा पांढरा. अमानिटाच्या बहुतेक जाती झाडांच्या मुळांशी नातं जोडून राहतात, म्हणून त्या झाडांखाली येतात. पण वारूळही झाडाखाली असू शकतं, त्यामुळे जागेवरून सुटका नाही.

तिसरी एंटोलोमा. हिचं नाव कमी लोकांना ठाऊक आहे. हिच्या बीजाणूंचा ठसाही गुलाबी पडतो, म्हणजे "गुलाबी म्हणजे चांगली" हे सूत्र इथे मान टाकतं. फरक दोन: हिचे कल्ले देठाला येऊन चिकटतात आणि हिला खोल मूळ नसतं. यातल्या अनेक जाती पोट पार बिघडवतात.

बीजाणूंचा ठसा घरी कसा घेतात?

सोपं आहे, फक्त रात्रभर धीर धरावा लागतो. पूर्ण उघडलेली छत्री देठापासून कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या, कारण पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही. छत्री कल्ले खाली करून मधोमध ठेवा, वर स्टीलचं पातेलं पालथं घाला आणि झोपा. सकाळी पातेलं आणि छत्री उचला. कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखी बारीक भुकटीची नक्षी उमटलेली असते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाने शाळेच्या मैदानातून टोपलीभर छत्र्या आणल्या होत्या. कल्ले पांढरे, वास छान. त्याच्या आईने खोबरं खवायला घेतलं होतं. मी म्हटलं, वहिनी, एक रात्र थांबा. सकाळी कागदावरचा रंग कोवळ्या शेवग्याच्या पाल्यासारखा होता. पोराने तो कागद वहीत चिकटवून ठेवलाय.

कोवळी, मिटलेली कळी ठसा देत नाही. आपल्याकडे मिटलेल्या कळ्याच जास्त चवीच्या मानतात, म्हणून त्याच थव्यातली एक उघडलेली ठशासाठी वेगळी ठेवायची. ठसा हा बाद करण्यासाठी आहे, पास करण्यासाठी नाही. हिरवा किंवा पांढरा आला तर फेका. गुलाबी आला तर बाकीच्या खुणा तपासायला घ्या.

वारुळावरच उगवली आहे, मग तर नक्की ना?

जागा ही जमेची बाजू, खात्री नव्हे. वारुळाच्या मातीत दुसऱ्या अळंब्याही उगवू शकतात. उलट, जिथे वारूळ दिसतच नाही अशा सपाट जमिनीवरही खरी अळमी येते, कारण वाळवीच्या काही जातींची घरं पूर्ण जमिनीखाली असतात. "आमच्या आजोबांपासून याच जागेवर येते" हा पुरावा मात्र मी मानतो. जुने लोक जागा मुलांनासुद्धा लवकर सांगत नाहीत, त्यामागे थोडा स्वार्थ आहे हे खरं, पण ओळखीची जागा हीच त्यांची प्रयोगशाळाही असते. तरीसुद्धा मूळ बघायचं.

शेकड्यांनी येणाऱ्या एवढ्याशा, बटणासारख्या अळंब्यांचं काय?

त्याही याच कुळातल्या असू शकतात. वाळवी जुन्या पोळ्याचे कण बाहेर आणून पसरते आणि त्यावर दोन-अडीच सेंटिमीटरच्या छत्र्यांची पांढरी चादर उगवते. त्यांना खोल मूळ नसतं, म्हणजे आपली मुख्य खूणच इथे लागू नाही. त्यात लेपिओटासारख्या लहान छत्र्यांपैकी काहींत अमानिटातलंच जीवघेणं विष असतं. आयुष्यभर याच उचलत आलेली बाई बरोबर असेल तर ठीक, पुस्तक वाचून शिकणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

चांदीचं नाणं, लसूण, तांदूळ टाकून विष कळतं ना?

नाही. नाणं काळं पडतं ते गंधकाच्या संयुगांमुळे, विषामुळे नाही. लसूण आणि तांदळाचंही तसंच. अमानिटाच्या रश्शात चांदीचा चमचा लखलखीत राहील.

गोगलगाय, किडे खातात म्हणजे चांगली, असं म्हणतात.

गोगलगाईला आपल्यासारखं यकृत नाही. अत्यंत विषारी अमानिटासुद्धा गोगलगाई आरामात कुरतडतात. उग्र वास, भडक रंग, कडू चव म्हणजे विषारी, ही समजूतही अशीच. डेथ कॅप नावाची अमानिटा खाऊन वाचलेल्या लोकांनी ती चविष्ट होती असंच सांगितलं आहे. "कुत्र्याची छत्री" हे आपलं ठेवणीतलं नावही फसवं: लोक न खाण्याच्या प्रत्येक अळंबीला ते लावतात, त्यावरून एकाही जातीचा पत्ता लागत नाही.

हळद-मीठ घालून उकळली, पाणी फेकलं, तर विष जात असेल?

अमानिटातलं अमाटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून किंवा फ्रीजमध्ये ठेवून मोडत नाही. हळद जंतूंसाठी ठीक, इथे तिचा उपयोग नाही. तरीही खात्रीची अळंबीसुद्धा नीट शिजवूनच खावी, कच्ची नाही. ते पचनासाठी.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने सांगितलं की खाण्याजोगी आहे.

अ‍ॅप फोटो बघतं. मातीखालची पिशवी, मूळ, रात्रभरचा ठसा यातलं काही त्याला दिसत नाही. नाव शोधायची सुरुवात म्हणून वापरा, जेवणाचा निर्णय म्हणून नको. मला फोटो पाठवणाऱ्यांनाही हेच लागू: छत्री वरून, खालून, देठ बुडासकट, जागा आणि ठसा, इतकं पाठवलंत तर मी फार तर "ही नक्की नव्हे" एवढं सांगू शकेन. "खा" असं मी फोटोवरून कुणालाही सांगितलेलं नाही.

रस्त्याकडेला पानात बांधून विकतात, ती घ्यावी का?

गोव्याला जाताना रस्त्यावर पानांत बांधलेल्या जुड्या दिसतात, शेकड्यावर भाव सांगतात. विकणारी बाई वर्षानुवर्षं तिथेच बसत असेल तर तिचं ज्ञान माझ्याहून जास्त. तरी जुडी सोडून बघा. देठ बुडासकट आहेत का, सगळ्या एकाच जातीच्या आहेत का, चिकट किंवा आंबूस वास येतो का. नुसत्या छत्र्या विकत असतील तर पुढे चला. ही अळंबी एका दिवसात उतरते. शिळीने पोट बिघडलं तरी लोक विषबाधा म्हणतात, आणि खरी विषबाधा झाली तर शिळी असेल म्हणून घरी बसतात. दुसरं जास्त वाईट.

खाल्ल्यावर त्रास झाला तर?

घड्याळ बघा. किती वाजता खाल्ली आणि किती वाजता पहिली उलटी झाली, हे डॉक्टरांना सगळ्यात आधी हवं असतं. दोन-तीन तासांत त्रास सुरू झाला तर बहुतेक वेळा पोटापुरतं विष असतं. सहा तासांनंतर, म्हणजे रात्री जेवून पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी सुरू झाला, तर अमाटॉक्सिनचा संशय धरून मोठ्या रुग्णालयात जायचं. पण लवकर सुरू झाला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. एकाच भाजीत दोन जातींची अळंबी असू शकते.

या विषाचा कावा असा की पहिल्या उलट्या-जुलाबांनंतर दिवस-दीड दिवस माणसाला बरं वाटतं. भूक लागते, नातेवाईक घरी घेऊन जायची घाई करतात. त्याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात, कारण हे विष पेशीचं प्रथिन बनवण्याचं काम मुळातच बंद पाडतं. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. काही रुग्णांना यकृत बदलावं लागतं. २०२२च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं गेली, त्यातली बरीचशी चहामळ्यांतली.

घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका. ज्यांनी ज्यांनी तीच भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी. उरलेली भाजी आणि कच्ची अळंबी सोबत घ्या, कच्ची कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये नको, ती त्यात सडते. रुग्णवाहिका १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, तुमचे डॉक्टरही तिथे फोन करू शकतात.

म्हणूनच माझ्या घरी नियम आहे: कितीही खात्री असली तरी एक अख्खी अळंबी कागदात बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये ठेवायची. बायको त्याला "साक्षीदार" म्हणते.

जमिनीतून पांढरे गोळे येतात, तेही खातात ना?

काही खातात. पण अमानिटाही जन्मताना अंड्यासारखा पांढरा गोळाच असतो. प्रत्येक गोळा उभा चिरा. आत पनीरसारखा एकसंध पांढरा गर हवा. छत्री आणि देठाची पुसटशी रेघ दिसली, की तो गोळा नाही, न उमललेली छत्री आहे. आतून काळा, जांभळा, पिवळा असेल तरी टाका.

ही अळंबी घरी लावता येईल का?

नाही. वाळवीशिवाय ती छत्री धरत नाही. धिंगरी लावा, पेंढ्यावर छान येते.

अभयारण्यात काढली तर चालते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काही काढणं हा गुन्हा आहे. गोव्यात वनखाते पावसाळ्यात याबाबत बजावतं. बाहेरच्या रानातही उघडलेल्या दोन-चार छत्र्या उभ्या सोडाव्यात.

मी मेलबर्नला, कॅलिफोर्नियात राहतो. इथे पार्कात अगदी आपल्यासारखीच दिसली.

आपल्यासारखी दिसली म्हणूनच हात लावू नका. डेथ कॅप मूळची युरोपातली, ओकची झाडं लावली गेली तशी त्यांच्या मुळांसोबत ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात पोचली. कोवळेपणी ती आशियातल्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी दिसते, तिच्याही बुडाशी पिशवी असते. त्यामुळे तिथे नव्याने गेलेले आशियाई लोक हमखास फसतात. कॅनबेरात २०१२च्या सुरुवातीला अशाच गफलतीत दोघांचा जीव गेला, आणि ती अळंबी रांधणारा धंद्याने स्वयंपाकीच होता. गावाकडे शिकलेली नजर तिथल्या रानाला लागू पडत नाही; मी मेलबर्नला आलो तर मीही दुकानातलीच घेईन. त्रास झालाच तर विषमाहितीचा क्रमांक ऑस्ट्रेलियात १३ ११ २६ आणि अमेरिकेत १-८००-२२२-१२२२. मुलं बागेत खेळत असतील तर हे दोन्ही आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.